ट्यूबलेस आहे, मग पंक्चर कसं?

आपल्या हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर सध्या दोन जातींच्या सायकली दिसतात. एक, आपल्या बाबांच्या काळापासून चालत आलेली ट्यूबवाली. आणि दुसरी, गिअरची, रुंद टायरची, जिच्या टायरवर ‘ट्यूबलेस रेडी’ असं ऐटीत छापलेलं असतं ती. या दुसऱ्या सायकलच्या मालकाला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "ही पंक्चर होत नाही ना?"

होते! ट्यूबलेस म्हणजे ट्यूब नसलेली, पंक्चर नसलेली नव्हे. फरक इतकाच की हिचं छोटं पंक्चर बहुतेक वेळा रस्त्यातच, चाक न काढता, पाच-दहा मिनिटांत निघतं. फक्त काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे माहीत हवं.

मी विसरवाडीची. नंदुरबार जिल्ह्यातलं, नवापूर तालुक्यातलं हे गाव सुरत-धुळे हायवेवर आहे. धुळ्याच्या दिशेला गेलं की कोंडाईबारीचा घाट लागतो. सायकलिंगला एकदम मस्त रस्ता, पण टायरला दोन शत्रू. पहिला बाभळीचा काटा. शेताच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावलेल्या असतात, त्यातले काटे वाऱ्याने नि बैलगाडीने रस्त्यावर येतात. दुसरा शत्रू हायवेचा : फुटलेल्या ट्रक टायरमधून निघणारी बारीक स्टीलची तार. केसापेक्षा थोडी जाड, डोळ्यांना दिसत नाही, पण टायरमध्ये सरळ घुसते.

आत नेमकं काय असतं?

साध्या सायकलमध्ये हवा ट्यूबमध्ये असते, टायर हा फक्त तिचा कोट. ट्यूबलेसमध्ये टायरची कड रिमच्या खाचेत घट्ट बसते, रिममधली स्पोकची भोकं टेपने बंद केलेली असतात, आणि व्हॉलला खाली रबराचं बूच असतं. म्हणजे टायर आणि रिम मिळूनच एक बंद डबा तयार होतो. मोटारगाड्यांना ही पद्धत १९५० च्या दशकापासून आहे. माउंटन बाइकला १९९९ मध्ये फ्रान्सच्या मॅव्हिक, हचिन्सन आणि मिशेलिन या कंपन्यांनी यूएसटी नावाचं स्टँडर्ड आणलं, तिथून ती रुळली.

या डब्यात सीलंट नावाचं दुधासारखं पातळ औषध घालतात. बहुतेक सीलंटमध्ये रबराचा चीक, म्हणजे लॅटेक्स, असतो आणि सोबत बारीक तंतू किंवा कण. भोक पडलं की हवा जोरात बाहेर पळते आणि जाताना सीलंटला सोबत ओढते. कण भोकात अडकतात, त्यांच्याभोवती चीक गोठतो, आणि बूच तयार! बंधाऱ्याच्या फटीत आधी काटक्या अडकतात, मग गाळ बसतो, अगदी तसंच.

एक सूचना. ‘ट्यूबलेस रेडी’ छापलेल्या पुष्कळ सायकली दुकानातून ट्यूब घालूनच येतात. चाक कानाजवळ धरून हलवा. आत पाणी डचमळल्यासारखा आवाज आला तर सीलंट आहे. नाही आला तर एकतर आत ट्यूब आहे, नाहीतर सीलंट वाळलंय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांतसुद्धा वाळतं.

पंक्चर काढायची पद्धत

१) थांबा, पण घाईने काटा उपटू नका. आधी चाक हळूहळू फिरवून फुस्स आवाज आणि पांढरा ओघळ कुठे आहे ते शोधा. काटा रुतलेला आहे आणि हवा जात नाही, तर तो काटाच सध्या बूच आहे. रस्त्यातून बाजूला, सुरक्षित जागी या. खिळा किंवा तार लांब असेल तर मात्र तशीच चालवू नका, ती आतली रिमची टेप फाडते.

२) आता काटा काढा आणि लगेच चाक असं फिरवा की भोक सगळ्यात खाली, जमिनीच्या बाजूला येईल. सीलंट खाली साठतं, ते भोकावर आलं पाहिजे. अर्धा-एक मिनिट थांबा. मग चाक गरागरा फिरवा.

३) फवारा थांबत नसेल तर थोडी हवा सोडा. हे ऐकायला उलटं वाटतं, पण कारण सोपं आहे. प्रेशर जास्त असलं की नुकतं गोठू लागलेलं बूच बाहेर फेकलं जातं. वीस-तीस पीएसआयवर आणून बूच बसू द्या, मग पुन्हा भरा.

४) तरीही गळतंय? मग वात. पंक्चर किटमध्ये चिकट रबराच्या दोऱ्या आणि सुईसारखं नाकं असलेला टोचा असतो. दोरी नाक्यात मध्यावर ओवायची, टोचा भोकात सरळ दाबायचा, दोरीची टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहिली की टोचा झटकन मागे ओढायचा. दोरी आतच राहते. बाहेरची टोकं दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, आणि भोकावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा. ट्यूबसारखं घमेल्यात बुडवायची सोय इथे नाही!

मोठी वात का नको?

हायवेवरच्या टायरच्या दुकानात गाडीचं ट्यूबलेस पंक्चर काढताना तुम्ही पाहिलं असेल. आधी कानशीसारखा खरखरीत टोचा घालून भोक मोठं करतात, मग जाड वात ठोकतात. गाडीच्या टायरचं रबर चांगलं जाड असतं, त्याला हे चालतं. सायकलचा टायर त्याच्यापुढे म्हणजे कापडच.

आता जरा मेकॅनिक्सचा तास. टायरमध्ये ३० पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलोचा जोर. बाभळीच्या काट्याचं भोक २ मिलिमीटर धरलं, तर तिथल्या बुचावर बाहेर ढकलणारा जोर येतो जेमतेम ६६ ग्रॅम. तेच भोक कानशीने ६ मिलिमीटर केलं तर व्यास तिप्पट, पण क्षेत्रफळ नऊपट, आणि जोरही नऊपट : जवळजवळ ६०० ग्रॅम! शिवाय टायरच्या आतले धागे तुटतात ते वेगळंच. ज्यांच्या जिवावर टायरचा आकार टिकतो, तेच धागे.

आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या बाबतीत हेच घडलं. काट्याचं एवढंसं भोक, गाडीची वात. घाट उतरताना वळणावर वात सुटली, हवा गेली, टायर रिमवरून निसटला. मागे ट्रक नव्हता म्हणून कोपर खरचटण्यावर भागलं. वात लावणाऱ्याची तरी काय चूक? त्याच्याकडे दिवसभर ट्रक आणि कारच येतात. सायकलचं आपल्याला माहीत पाहिजे. "भाऊ, भोक मोठं करू नका, बारीक वात माझ्याकडे आहे," एवढं एक वाक्य पुरे असतं.

दुकानाची मदत कुठे घ्यायची?

टायर रिमवरून पूर्ण सुटला तर हातपंपाने तो परत बसणं कठीण. तिथे कॉम्प्रेसर लागतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. बऱ्याच ट्यूबलेस सायकलींना बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल असतो, त्यावर दुकानाचं नोझल बसत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर किटमध्ये ठेवा. दुसरं, ट्रकच्या टायरमध्ये शंभरच्या वर पीएसआय असते आणि कॉम्प्रेसर त्या हिशोबाने चालतो. सायकलचा टायर काही सेकंदांत भरतो. थोडी थोडी हवा मारायला सांगा, टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका, आणि तोंड जवळ नेऊन बघत बसू नका.

टायर बाजूने चिरला असेल तर वातीचा उपयोग नाही. ट्यूबलेसचा व्हॉल काढायचा, टायरच्या आतून फडकं फिरवून राहिलेले काटे शोधायचे (बोट नको!), चिरेला आतून जाड प्लॅस्टिकचा तुकडा लावायचा आणि ट्यूब घालून हळूहळू घर गाठायचं. म्हणून ट्यूबलेसवाल्यानेसुद्धा एक ट्यूब जवळ ठेवावी.

रूमवर आल्यावर सीलंट पुन्हा भरा. वातीच्या जागी पक्कं काम करायचं तर टायर उतरवून आतून पॅच लावा : जागा पुसा, पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशन लावून ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मगच पॅच दाबा. सबमिशनसारखी घाई इथे चालत नाही.

तर किटमध्ये काय काय हवं? बारीक वाती आणि टोचा, छोटा पंप, अडॅप्टर, एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, एक फडकं. सगळं मिळून कंपासपेटीपेक्षा थोडं मोठं. वजन इतकं कमी की सायकलला कळणारही नाही, आणि घाटात त्याची किंमत किती, ते मात्र तुम्हाला कळेल!