पाटी हातात देण्याआधी

मी दुधनीहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक असल्यामुळं महिन्याला बऱ्याच बैठकांना बसते. गटात कर्ज मागितलं जातं ते बी-बियाण्यासाठी, शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. मागच्या महिन्यात एका ताईंनी बारा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं ते लेकराच्या शाळेसाठी. मी इतिवृत्ताच्या वहीत कारण लिहायला घेतलं आणि विचारलं, "कितवीत आहे?" त्या म्हणाल्या, "अजून कुठंच नाही. येत्या दिवाळीला तीन वर्षं पूर्ण होतील. आत्तापासून इंग्रजी शाळेत घातलं नाही तर मागं पडेल म्हणतात."

बैठकीत दोन तट पडले. कुणी म्हणे द्या, शिक्षणासाठी आहे. कुणी म्हणे एवढ्याशा पोराला कशाची शाळा. तेवढ्यात गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी बोलल्या, "तीन वर्षांच्या लेकराला तिथं काय शिकवत्यात ते सांगा. आणि घरात ते आत्ता काय शिकतंय, तेही सांगा. मग कर्जाचं बघू."

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. मी बी.ए. झालेली, दोन मुलांची आई. म्हणून मग वाचलं, आमच्या अंगणवाडी सेविका ताईंकडं जाऊन बसले, विचारलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढं मांडते.

पहिली गोष्ट, मूल शिकायला शाळेची वाट बघत नाही. पोटात असतानाच त्याला ऐकू येऊ लागतं, म्हणून जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. जन्माच्या वेळी मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव आकाराचा असतो. दोन वर्षांत तो पाऊणच्या आसपास जातो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत नव्वद टक्क्यांच्या जवळ पोचतो. म्हणूनच आरोग्यवाले पहिल्या हजार दिवसांबद्दल सांगत असतात. गरोदरपणाचे 270 दिवस, पहिल्या वर्षाचे 365 आणि दुसऱ्या वर्षाचे 365, मिळून हजार. या काळात आईला रक्त कमी असलं, बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर वरचं घट्ट अन्न वेळेवर मिळालं नाही, तर त्याचा परिणाम वजनावर होतो तसाच शिकण्यावरही होतो. लोहाच्या गोळ्या फक्त आईसाठी नाहीत, हे सुनांना आणि सासूबाईंनाही सांगायला हवं.

आता मेंदू वाढतो म्हणजे काय होतं? त्यातल्या पेशी एकमेकींना जोडल्या जातात. शेतातली पायवाट आठवा. रोज पाय पडले तर वाट पक्की होते, कुणी गेलंच नाही तर गवत वाढतं. बाळाच्या मेंदूतल्या वाटा पक्क्या होतात त्या माणसांच्या जाण्या-येण्यानं. बाळ "आँ" म्हणतं, आपण त्याच्याकडं बघून "आँ? काय झालं गं बाई?" म्हणतो, ते पुन्हा हात हलवतं, आपण हसतो. ही देवाणघेवाण दिवसातून शंभर वेळा झाली की बोलण्याची, भरवशाची, लक्ष देण्याची वाट तयार होते. याला पैसा लागत नाही. लागतं ते समोर बघणारं माणूस.

मूल कसं शिकतं हे बघायचं असेल तर त्याच्या खोड्या बघा. आठ-दहा महिन्यांचं बाळ वाटी खाली टाकतं. आपण उचलून देतो, ते पुन्हा टाकतं. आपल्याला राग येतो. पण त्याचा प्रयोग चाललेला असतो. टाकली की आवाज येतो का? दर वेळी येतो का? आई दर वेळी उचलते का? दीड वर्षाचं मूल डब्यात डबा घालतं, बाहेर काढतं, मोठा डबा लहान डब्यात बसत नाही म्हणून चिडतं. लहान-मोठं, आत-बाहेर हे गणित ते हातानं शिकत असतं.

आपल्या घरातच याचं सामान भरलेलं आहे. तूर निवडताना तीन वर्षांच्या मुलीला बाजूला बसवा आणि खडे वेगळे काढायला सांगा. सारखं कोणतं, वेगळं कोणतं हे ओळखणं म्हणजे पुढच्या गणिताचा आणि वाचनाचाही पाया. अगदी लहान बाळाला मात्र दाण्यांजवळ एकटं सोडू नका, दाणा नाकात किंवा घशात जातो. भाकऱ्या थापताना गोळा हातात द्या, बोटांना ताकद येते. जेवायला बसताना, "पाच माणसं आहेत, पाच ताटं आण," म्हणा. एक ते शंभर तोंडपाठ म्हणणारं मूल पुष्कळदा पाच ताटं मोजून आणू शकत नाही, कारण एका आकड्याला एक वस्तू हे त्याला हातानं कळलेलं नसतं. ताटं आणणाऱ्या मुलाला ते कळतं.

आता लिहिण्याकडं येऊ, कारण फी भरणाऱ्या आई-बापांना वही भरलेली बघायची असते. साधारण तीन वर्षांचं मूल बघून गोल काढू शकतं. चौथ्या वर्षाच्या सुमाराला अधिकचं चिन्ह जमतं. चौकोन त्यानंतर, आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण पाचच्या आसपास. आता आपला "क" बघा किंवा "अ" बघा. गोलाई आहे, उभी रेघ आहे, वळण आहे, वर शिरोरेघा. अडीच-तीन वर्षांच्या मुलाचं मनगट आणि बोटं अजून तयार होत असतात. त्याच्या हाताला धरून आपण "अ" गिरवून घेतला तर पान भरतं, पण तो "अ" आपण काढलेला असतो. त्याला आधी मातीत रेघोट्या मारू द्या, रांगोळीचे ठिपके देऊ द्या, गुंड्या लावू द्या, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतू द्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पहिलीचं वय सहा वर्षं धरलं आहे आणि त्याआधीच्या वर्षांत खेळातून शिकणं सांगितलं आहे.

ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये असलेल्या बोर्डीला 1945 साली ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथं त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. पुढं कोसबाडच्या टेकडीवर त्यांचं काम वाढलं. तिथली आदिवासी मुलं गुरांमागं रानात जात, म्हणून शाळा कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हटलं. महागडी साधनं नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, खडे हीच साधनं झाली. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. त्या शिकल्या आणि हजारो मुलांच्या ताई झाल्या. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आपण जिला "खिचडीची शाळा" म्हणून नाक मुरडतो, तिचं मूळ हे आहे.

आता आमच्या दुधनीची खास गोष्ट. आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात, अगदी कर्नाटकाच्या सीमेवर. घरात कन्नड, बाजारात दोन्ही, शाळेत मराठी. माझी थोरली मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत घरात अखंड बडबडायची. "अव्वा, नीरु," म्हणून पाणी मागायची. आम्ही तिला एका शाळेत घातलं. तिथं आम्हाला सांगितलं, "घरात कन्नड बंद करा, नाहीतर मुलगी गोंधळेल." मी शिकलेली असूनही ते ऐकलं. अज्जीलाही गप्प केलं. अज्जीला मराठी जेमतेम येतं, त्यामुळं रात्रीच्या गोष्टी थांबल्या. महिन्याभरात मुलगी घरातही बोलेनाशी झाली. पाणी हवं असलं की माठाकडं बोट दाखवायची.

तो सल्ला चूक होता, हे मला आता माहीत आहे. जन्मलेलं बाळ जगातल्या कुठल्याही भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू शकतं. वर्षाच्या आसपास त्याचा कान आजूबाजूला ऐकू येणाऱ्या भाषांवर पक्का होतो. दोन भाषा ऐकू आल्या तर दोन्ही शिकतं. सुरुवातीला एका वाक्यात दोन्हीकडचे शब्द येतात, तो गोंधळ नसतो, जवळ असलेला शब्द मूल वापरतं इतकंच. दोन भाषांमुळं बोलणं मागं पडत नाही. उलट घरच्या भाषेत गोष्ट ऐकलेलं, का आणि कसं विचारलेलं मूल तीच समज दुसऱ्या भाषेत घेऊन जातं. ओंदु, एरडु, मूरु कळलेल्या मुलीला एक, दोन, तीन हे फक्त नवे शब्द असतात, मोजणं तिला आलेलंच असतं. आम्ही अज्जीला पुन्हा बोलतं केलं आणि मुलीला अंगणवाडीत घातलं. तिथल्या ताई दोन्ही भाषांत बोलतात. मुलगी पुन्हा बोलायला लागली. आज ती मराठी शाळेत तिसरीत आहे. पण ते गप्प गेलेले महिने मला अजून टोचतात.

दुसरी चूकही माझीच. धाकट्याच्या वेळी गटांच्या नोंदी पुऱ्या करायच्या म्हणून मी त्याच्यासमोर घरातला फोन ठेवायचे. गाणी बघत मुकाट जेवायचा, मला बरं वाटायचं. पावणेदोन वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर बघेना. सेविका ताईंनीच टोकलं. कान तपासून घेतले, ते ठीक होते. फोन बंद केला. आठ दिवस घर डोक्यावर घेतलं त्यानं. मग हळूहळू माणसांकडं बघायला लागला, बोलायला लागला. सगळं फोनमुळंच झालं असं मी म्हणणार नाही. पण फोन गाणं म्हणतो, बाळाच्या "आँ"ला उत्तर देत नाही, एवढं मला कळलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच म्हटलं तरी चालेल, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या वर नको.

आता कान देऊन ऐका. मुलं एकाच वेळापत्रकानं वाढत नाहीत, कुणी अकराव्या महिन्यात चालतं, कुणी चौदाव्या. शेजारच्या मुलाशी तुलना नको. पण काही खुणा दिसल्या तर थांबू नका. तीन महिन्यांपर्यंत बाळ आपल्याकडं बघून हसत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत आधारानंही बसत नसेल, वर्षाचं होऊन नावाला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाला चालत नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं-चालणं गेलं असेल, तर तपासणी करा. "मुलगे उशिराच बोलतात," "त्याचा बापही असाच होता," हे म्हणत वर्ष घालवू नका. लवकर कळलं तर मदत जास्त होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. आणि गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड ट्रंकेत ठेवू नका. बाळानं कधी काय करायला हवं ते त्यात चित्रांसह दिलेलं असतं.

हे सगळं एकट्या आईनं करायचं नाही. अडतीवरून दमून आलेल्या बापानं जेवताना दहा मिनिटं लेकराशी बोललं तरी ती मोठी गोष्ट आहे.

त्या कर्जाचं काय झालं, विचाराल. गटानं नाही म्हटलं नाही. कुणाच्या लेकराला कुठं घालायचं हे गट ठरवत नाही. आम्ही त्या ताईंना एवढंच म्हटलं की एक सकाळ आमच्याबरोबर अंगणवाडीत चला, मग त्या शाळेतही जाऊन बसा, आणि दोन्हीकडं लेकरू काय करतं ते डोळ्यांनी बघा. मुलं बोलतात का, हाताला काही काम आहे का, की नुसती बसून गिरवतात? त्या अंगणवाडीत येऊन गेल्या. शाळेत अजून जायचं आहे. अर्ज वहीत तसाच आहे, पुढच्या बैठकीत निघेल.

बैठकीत एक बदल मात्र झाला. पूर्वी मांडीवरची लेकरं रडली की आम्ही त्यांना बाहेर पाठवायचो. आता सतरंजीच्या कोपऱ्यात एक टोपली असते, तिच्यात डबे, झाकणं, चिंध्यांची बाहुली. पासबुकं मोजून द्यायचं काम चार-पाच वर्षांच्या मुली करतात. बारा बायका, बारा पासबुकं. मागच्या वेळी एक कमी भरलं, आणि ते शोधून काढलं त्यांनीच.