जुनी बाईक एक्सचेंज करताय? आधी आरसीवरचं नाव बदलून घ्या!



आमच्या दोडामार्गात बाईक म्हणजे दुसरे पायच. कामाला रोज डिचोली-म्हापसा, सुट्टीला तिलारी घाट. माझी 2012 ची पल्सर 150 मी गोव्यातल्या एका शोरूमला एक्सचेंजमध्ये दिली आणि हिमालयन 450 घरी आणली. गाडी एकदम झकास! पण सहा महिन्यांनी मोबाईलवर मेसेज आला: विना हेल्मेट, ई-चलन. नंबर माझ्या जुन्या पल्सरचा. त्या दिवशी तर मी दिवसभर घरीच होतो!

झालं काय होतं? शोरूमवाल्याने माझ्याकडून फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर कोऱ्याच सह्या घेतल्या. "सही करून ठेवा, बाकी आम्ही बघतो," म्हणाला. नव्या गाडीच्या नादात मीही दिल्या. पुढे जुनी गाडी कुणाला तरी विकली गेली, पण आरसीवर नाव माझंच राहिलं.

चलन सोडा, अपघात झाला असता तर?

खरी भीती इथे आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच गाडीचा मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली. म्हणजे "मी गाडी कधीच विकली" हे सांगून सुटका नाही.

मग नेमकं करायचं काय?

- राज्यातच विकताय? फॉर्म 29 (विकल्याची सूचना) 14 दिवसांत द्यायचा. फॉर्म 30 हा नाव बदलण्याचा अर्ज. त्यावर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका.
- गोव्यात देताय? आपली गाडी एमएच-07 ची, म्हणजे राज्य बदलतं. इथे फॉर्म 28 भरून आपल्या परिवहन कार्यालयाची एनओसी लागते. मुदत 45 दिवस.
- गाडीवर कर्ज होतं? हप्ते फिटले तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहतो. बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो आधी उतरवा.
- जुनी चलनं आणि नंबरप्लेट: 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी प्लेट बसवून घ्या आणि थकलेली चलनं भरून टाका. नाहीतर नाव बदलायचं काम अडतं.

डीलर 'अधिकृत' आहे का?

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नवे नियम आले. परिवहन कार्यालयाकडून अधिकार घेतलेल्या डीलरला गाडी दिली, तर फॉर्म 29सी ऑनलाईन भरला जातो. तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्या डीलरवर. म्हणून चावी देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "29सी भरणार ना?" उत्तर गोलमोल आलं, तर चावी खिशातच ठेवा.

पैशांचा हिशोब

जुन्या गाडीची किंमत, एक्सचेंज बोनस आणि नव्या गाडीची ऑन-रोड किंमत, हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा. समजा बाहेर गाडीला 30 हजार मिळतायत आणि शोरूम "28 हजार" म्हणतंय, पण त्यातच 5 हजारांचा बोनस धरलाय. म्हणजे गाडीचे फक्त 23 हजार!

दुसरं म्हणजे नो क्लेम बोनस. हा गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घ्या, नव्या बाईकच्या विम्यात ओन डॅमेजच्या हप्त्यावर 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. मी हे विसरलो, पैसे गेले.

आणि जीएसटी! 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाईकवर 18 टक्के, त्यावरच्या बाईकवर 40 टक्के. हिमालयन 450 चं इंजिन 452 सीसीचं, म्हणजे 40 मध्ये. एक्सपल्स किंवा 250 सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स 18 मध्ये बसते. बजेट ठरवताना हा फरक धराच.

गाडी अंगाला बसते का?

हिमालयन 450 चं वजन 196 किलो, सीटची उंची 825 मिमी. पल्सरवरून उठून थेट हिच्यावर बसलात, तर पहिला आठवडा पार्किंगमध्येच घाम फुटतो. टेस्ट राईड सपाट रस्त्यावर नको, चढावर थांबून पुन्हा निघून बघा. पावसाळ्यात घाटात तेच करायचंय.

शेवटी माझं काय झालं?

गाडी दिल्याची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं मी जपून ठेवलं होतं, तेच कामाला आलं. परिवहन कार्यालय आणि पोलीस ठाणे, दोन्हीकडे लेखी अर्ज दिला. शोरूमच्या चार चकरा मारल्या. दोन महिन्यांनी नाव बदललं. चलन मात्र मीच भरलं.

तुम्ही आधी गाडी दिली असेल, तर आत्ताच एमपरिवहन ॲप उघडा, जुन्या गाडीचा नंबर टाका आणि मालकाच्या नावाची अक्षरं तपासा. अजून तुमचीच दिसतायत? मग उद्या सकाळचं पहिलं काम ठरलं!