लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढेना? रिपोर्टवरचा 'एमसीव्ही' बघा

"रक्त कमी आहे," असं सिस्टरनी सांगितलं की आपण लाल गोळ्या, बीट, गूळ-शेंगदाणे सुरू करतो. बऱ्याच जणांना फरक पडतोही, कारण आपल्याकडे लोहाची कमतरता जास्त. पण दोन-तीन महिने गोळ्या खाऊनही दम लागत असेल, तळपायाला मुंग्या येत असतील, जीभ लाल-गुळगुळीत होऊन झोंबत असेल, तर दुखणं वेगळं असू शकतं.

सीबीसीच्या रिपोर्टवर एमसीव्ही अशी एक ओळ असते. तो लाल पेशीचा आकार. मोठ्या माणसात साधारण ८० ते १००. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात. बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं तर पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. म्हणून मोठ्या पेशी, पण थोड्याच. आकडा १०० च्या वर जातो. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर मात्र आकडा नॉर्मलही दिसतो, हे लक्षात ठेवा.

फोलेटचा शोध मुंबईतच सुरू झाला. १९२८ मध्ये डॉ. लुसी विल्स कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांचा हाच आजार अभ्यासायला आल्या. यीस्टच्या अर्काने त्या बायका सुधारल्या. त्या अर्कातला गुणकारी घटक फोलेट, हे पुढे कळलं. पालक, मेथी, हरभरा, मूग, शेंगदाणे यात ते भरपूर असतं. फक्त भाजी चिरून धुऊ नका आणि शिजवलेलं पाणी फेकू नका, फोलेट त्यातच जातं.

बी-१२ ची गोष्ट अवघड आहे. ते कुठल्याही भाजी-भाकरीत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण, कलेजी यातच मिळतं. माळकरी घरांत दूध हाच आधार. रोज साधारण अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्या दुधाचं दही पोटात गेलं तर मोठ्या माणसाची गरज जवळपास भागते. पण आपल्याकडे होतं काय? गोठ्यात दोन म्हशी, दूध सगळं डेअरीला, आणि घरात कोरा चहा! त्यातही घरच्या बाईच्या वाट्याला पाणी घातलेलं ताक. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून तोटा उशिरा कळतो.

रोजची दारूही पेशी मोठ्या करते. शुगरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तरी बी-१२ घटतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना बी-१२ ची तपासणी विचारा.

आणि एक धोका. सरकारी लाल गोळीत लोह आणि फोलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक घेतलं तर हिमोग्लोबिन वर येतं, पण नसांची हानी आतून चालूच राहते. गरोदर बाईने ही गोळी सोडायची नाही. मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात लगेच सांगायचं. कमतरता निघालीच तर नुसत्या दुधावर भागत नाही, डॉक्टर इंजेक्शन किंवा गोळ्या देतात.