शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावा: चर्चसाठी डिजिटल मिक्सर निवडताना

रोमकरांस पाठविलेल्या पत्राच्या 10व्या अध्यायात संत पौलाने विश्वासाचा संबंध थेट ऐकण्याशी जोडला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक संविधानात भाविकांच्या पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभागाचा आग्रह धरला. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेचा 311वा परिच्छेद तर स्पष्टच सांगतो की, धर्मगुरू व वाचक भाविकांना दिसले पाहिजेत, आणि आधुनिक साधनांच्या साहाय्याने त्यांचे बोलणे विनासायास ऐकूही आले पाहिजे. मागच्या बाकावरील वृद्ध आजीला पहिले वाचन कळले नाही, तर तिच्यापुरती शब्दविधीची मेजवानी अर्धीच राहिली. म्हणूनच ध्वनियंत्रणा हा केवळ हौसेचा किंवा प्रतिष्ठेचा विषय नाही.

अलीकडे अनेक धर्मग्रामांत जुना मिक्सर काढून डिजिटल मिक्सर घेण्याचा विचार होत असतो. यामाहा कंपनीने डीएमपी-7 हा डिजिटल मिक्सर 1987 साली बाजारात आणला. परंतु अशी यंत्रे मध्यम ऐपतीच्या संस्थांच्या आवाक्यात आली ती बेहरिंगर एक्स-32 सारखे मिक्सर 2012 साली आल्यानंतर. आज निवड भरपूर आहे आणि त्यामुळेच गोंधळही भरपूर आहे. या बाबतीत विचारांचा क्रम कसा असावा, हे आम्ही येथे मांडत आहोत.

पहिला विचार वास्तूचा. उंच छत, दगडी भिंती व गुळगुळीत फरशी यांवरून आवाज परतत राहतो आणि एक शब्द दुसऱ्या शब्दावर चढतो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की, आवाज किती काळ घुमणार हे वास्तूचे आकारमान आणि आतील वस्तूंची आवाज शोषून घेण्याची क्षमता यांवर अवलंबून असते. कितीही महागडा मिक्सर आणला तरी तो भिंती बदलू शकत नाही. आवाज घुमत असेल तर तो वाढविल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, गोंगाट मात्र वाढतो. अशा ठिकाणी स्पीकरची जागा व दिशा सुधारणे हाच पहिला खर्च ठरावा.

येथे डिजिटल मिक्सरची एक सोय खरोखर उपयोगी पडते. आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर प्रवास करतो. वेदीजवळच्या स्पीकरपासून 20 मीटर मागे दुसरा स्पीकर लावला, तर पुढचा आवाज तेथे पोहोचण्यास सुमारे 58 मिलिसेकंद लागतात. मागच्या स्पीकरमधून मात्र तोच शब्द आधीच निघून गेलेला असतो. मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडण्याची व्यवस्था बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये असते. ती नीट बसविली की मागच्या बाकांवर शब्द दुहेरी ऐकू येत नाही.

दुसरा विचार मोजणीचा. वेदी, वाचनपीठ, धर्मगुरूंचा बिनतारी माईक, गायकवृंदाचे तीन-चार माईक, कीबोर्ड, गिटार, तबला किंवा ढोलकी अशी यादी कागदावर लिहावी आणि तीत सणासुदीसाठी चार जागांची भर घालावी. बहुतेक धर्मग्रामांना 16 माईकची सोय पुरते. मोठा गायकवृंद असल्यास 24 किंवा 32 चा विचार करावा. मिस्सेचे थेट प्रक्षेपण होत असल्यास त्यासाठी स्वतंत्र आवाज बाहेर काढण्याची सोय आहे ना, हेही पाहावे. चर्चमध्ये चांगला वाटणारा आवाज घरी मोबाईलवर तसाच चांगला वाटेल असे नाही. मात्र माईक आहेत म्हणून ते सर्व चालू ठेवू नयेत. चालू माईकची संख्या दुप्पट झाली की, शिट्टी वाजण्यापूर्वी मिळणारा आवाज सुमारे 3 डेसिबलने घटतो.

तिसरा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा विचार माणसांचा. आपल्याकडे मिक्सरजवळ बसणारे बहुधा स्वयंसेवक तरुण असतात. परीक्षा, नोकरी, स्थलांतर यांमुळे ते बदलत राहतात. डिजिटल मिक्सरचा खरा लाभ त्याच्या स्मरणशक्तीत आहे. माणसे स्वतः आवाज शोषून घेतात. त्यामुळे रविवारचे भरलेले चर्च आणि सोमवारचे रिकामे चर्च यांची गरज वेगळी असते. रोजची मिस्सा, रविवारची मिस्सा, विवाह, अंत्यविधी अशा प्रत्येक प्रसंगाची जुळणी एकदा जाणकाराकडून करून जतन केली, की मदतनीसाला योग्य नाव निवडणे एवढेच काम उरते. मूळ जुळणी कोणी चुकून बिघडवू नये म्हणून कुलूप घालण्याची सोय आहे का, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. ज्या यंत्रात साधा आवाज कमी करण्यासाठी पडद्यावर तीन पाने उलटावी लागतात, ते यंत्र कितीही गुणी असले तरी धर्मग्रामासाठी योग्य नव्हे.

चौथा विचार विजेचा. वीज जाऊन परतल्यावर जुना मिक्सर लगेच बोलू लागतो. डिजिटल मिक्सरला संगणकाप्रमाणे पुन्हा सुरू होण्यास वेळ लागतो. अर्पणविधीच्या मध्यावर हा खोळंबा टाळायचा असेल, तर यूपीएसचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. समुद्रकिनाऱ्याजवळील दमट, खारट हवेत यंत्र झाकून ठेवणेही आवश्यक आहे.

चर्चच्या कायद्यातील 537व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक मंडळ असावेच लागते. या मंडळासमोर केवळ मिक्सरची किंमत न ठेवता स्पीकर, केबल, यूपीएस, प्रशिक्षण व दुरुस्ती यांसह संपूर्ण खर्च ठेवावा. हा पैसा लोकांच्या दानाचा आहे. मैदानावरील मिस्सेसाठीही यंत्रणा वापरायची असल्यास ध्वनिप्रदूषण नियम, 2000 लक्षात ठेवावेत: निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. वर्षातील ठरावीक दिवशी राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.

शेवटी एक साधी कसोटी सुचवितो. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून यंत्र एका रविवारपुरते मागून घ्यावे. मिस्सेनंतर शेवटच्या बाकावरील चार वयस्कर व्यक्तींना वाचनात काय सांगितले ते विचारावे. आवाज मोठा होता का, असे विचारू नये. त्यांना वाचनाचा आशय सांगता आला, तर यंत्रणा योग्य आहे. सांगता आला नाही, तर पैसे देण्यापूर्वी पुन्हा भिंतींकडे, स्पीकरकडे आणि माईकसमोर उभ्या राहणाऱ्या वाचकाच्या तयारीकडे पाहावे. प्रभूचा शब्द ऐकण्याचा हक्क पहिल्या बाकाइतकाच शेवटच्या बाकालाही आहे.