फवारणी, ऊन आणि त्वचा

दुपारच्या उन्हात फवारणी आटोपून आलेल्या शेतकऱ्याची मान व हात रात्री जळजळू लागतात. ही आग उन्हाची की औषधाची, असा प्रश्न घरात पडतो. मग मानेला खोबरेल तेल चोळले जाते आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर पुन्हा पंप चढतो. खरा धोका या दुसऱ्या दिवशी असतो.

उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचा भाजते. लाली व दाह काही तासांनी सुरू होऊन साधारण १२ ते २४ तासांत सर्वाधिक जाणवतो. ढगाळ हवेतही हे किरण पोहोचतात. निरोगी त्वचा कीटकनाशकाला काही अंशी अडवते; भाजलेल्या वा सोललेल्या त्वचेतून मात्र ते अधिक सहज शरीरात शिरते. उष्णता व घाम यांमुळे हे शोषण आणखी वाढते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना अनेकांना विषबाधा झाली व काहींचा मृत्यू झाला. त्वचा झाकण्याचे महत्त्व या घटनेने अधोरेखित केले.

वेळेची निवड

सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत फवारणी टाळावी. संरक्षक पोशाख भर उन्हात असह्य होतो व उतरवला जातो. सकाळी किंवा सायंकाळी तो अंगावर टिकतो. कडक उन्हात फवाऱ्याचे सूक्ष्म थेंब लवकर वाळतात. पीक फुलोऱ्यात असल्यास सायंकाळची वेळ अधिक योग्य, कारण तोपर्यंत मधमाश्या पोळ्याकडे परतलेल्या असतात.

लांब बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा, पूर्ण लांबीची पँट, रुंद काठाची टोपी, हातमोजे, मास्क, चष्मा व बूट वापरावेत. सनस्क्रीन लावायचे असल्यास औषध हाताळण्यापूर्वीच, स्वच्छ हातांनी लावावे.

त्वचा भाजल्यास

फवारणी केली असल्यास प्रथम साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. त्यानंतर भाजलेल्या भागावर थंड पाण्यात भिजवलेले स्वच्छ कापड १० ते १५ मिनिटे, दिवसातून अनेकदा ठेवावे. बर्फ, टूथपेस्ट वा तूप लावू नये. कोरफडीचा शुद्ध गर किंवा साधे मॉइश्चरायझर चालते. फोड फोडू नयेत. पाणी भरपूर प्यावे. मोठ्या भागावर फोड, ताप, थंडी किंवा उलट्या असल्यास डॉक्टरांकडे जावे. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत फवारणीचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

ऊन की विषबाधा?

डोकेदुखी, मळमळ, चक्कर व घाम ही लक्षणे उन्हाच्या त्रासात तसेच विषबाधेतही आढळतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, लाळ व अश्रू वाहणे, स्नायू फडफडणे ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेची प्रमुख चिन्हे होत. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध आणि शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर असल्यास उष्माघाताची शक्यता असते.

निदानासाठी शेतात वेळ दवडू नये. रुग्णास सावलीत आणून दूषित कपडे काढावेत व अंग पाण्याने धुवावे. यामुळे औषध निघते आणि शरीरही थंड होते. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. बेशुद्ध व्यक्तीस तोंडाने काहीही देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाच्या डब्यावरील लेबल रुग्णासोबत पाठवावे. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात औषधाची मात्रा सांगतानाच फवारणीची वेळही सांगावी.