थिंबल नीट दाबा, मोटार वाचवा

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तरी डाळिंबाची बाग असो वा उसाचा फड, पुष्कळ ठिकाणी पाणी मोटारीनेच उचलावे लागते. वीज ठरावीक तासच येते. त्या वेळेत मोटार बंद पडली की पाण्याची पाळी चुकते, आणि मोटार उचलून शहरात, शुक्रवार पेठेसारख्या एखाद्या पेठेतील कारागिराकडे न्यावी लागते. वाइंडिंग जळाल्याचे ऐकले म्हणजे शेतकरी कमी दाबाच्या विजेस बोल लावतो. तो दोष कधी खरा असतोही. परंतु कित्येकदा अनर्थाचे मूळ स्टार्टरच्या पेटीत, तारेच्या टोकावरील एका लहानशा थिंबलमध्ये सापडते.

तारेचे टोक थिंबलच्या नळीत घट्ट बसले नाही, तर तेथे विजेस अडथळा होतो आणि उष्णता निर्माण होते. पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार सुमारे साडेसात अँपिअर वीज घेते. जोडात केवळ एक ओहम अडथळा असला, तर तेथे सुमारे ५६ वॅट उष्णता निघते. जुन्या साठ वॅटच्या दिव्याची जवळजवळ सारी धग बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडल्यासारखे ते आहे! आवरण वितळते, तांबे काळे पडते, अडथळा आणखी वाढतो आणि अखेरीस एक फेज तुटतो. मग मोटार नुसती घुमते अथवा दोन फेजवर ओढत राहून जळते. अशा वेळी रिलेने मोटार बंद करावयास हवी. पण वारंवार बंद पडते म्हणून रिलेचा काटा वाढवून ठेवणारे महाभागही गावोगावी आहेत.

हा दोष बहुधा साध्या पक्कडीमुळे उद्भवतो. तिच्या सपाट जबड्यांत नळी चपटी होते, कडांनी फाकते, पण आतील तारांमध्ये पोकळी राहते. वरून पाहता काम चोख वाटते, हीच फसगत. थिंबल दाबण्याची पक्कड निराळी मिळते. तिच्या जबड्यांत तारेच्या मापाचे खाचे असतात. पूर्ण दाबल्याविना न सुटणारी रॅचेटची पक्कड घेतल्यास हात थकला तरी दाब अपुरा राहत नाही.

प्रथम मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत व टेस्टरने खात्री करावी. पुरवठ्याच्या बाजूचे काम परवानाधारक वायरमनकडेच सोपवावे. थिंबल तारेच्या मापाचेच घ्यावे. आवरणाच्या थिंबलांत निळे दीड ते अडीच आणि पिवळे चार ते सहा चौरस मिलिमीटर तारेसाठी असते. मोठ्या थिंबलात तार दुमडून कोंबू नये, तसेच लहानात बसावी म्हणून चार धागे छाटू नयेत. नळीच्या लांबीइतकेच आवरण सोलावे. धागे तुटल्यास टोक कापून पुन्हा सोलावे. तार नळीत शिरून पुढे जेमतेम एक मिलिमीटर डोकावली पाहिजे. बिनआवरणाच्या थिंबलला सांधा असल्यास पक्कडीचा दाता सांध्याच्या विरुद्ध बाजूस बसवावा, नाहीतर सांधा उकलतो. दाबल्यावर थिंबल धरून तार जोराने ओढून पाहावी. सुटली तर बरेच झाले. स्टार्टरमध्ये सुटण्यापेक्षा हातात सुटलेली बरी.

ॲल्युमिनियमच्या तारेस तांब्याचे थिंबल लावू नये. ओल लागली की दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम झिजते. अशा ठिकाणी दोन धातूंचे थिंबल मिळते, ते वापरावे. तार घासून, त्यासाठीचे मलम लावून लगेच दाबावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक दोन तुकडे तारेवर करून दाखवावे: एक साध्या पक्कडीने दाबलेला, दुसरा योग्य पक्कडीने. दोन्ही करवतीने आडवे कापले असता पहिल्यातील पोकळी उघड्या डोळ्यांना दिसते. नवा जोड केल्यावर मोटार तासभर चालवून, वीज तोडून, स्टार्टरचे स्क्रू पुन्हा आवळावेत आणि एखाद्या थिंबलजवळचे आवरण तपकिरी झाले असल्यास ते त्याच दिवशी बदलावे.