ब्रेक कडक लागला म्हणजे चांगला? ड्रॉप हँडल, डिस्क ब्रेक आणि तरफेचा पाठ



सहावीच्या सामान्य विज्ञानात 'साधी यंत्रे' हा पाठ आहे. तरफ शिकवताना आपण कात्री, अडकित्ता, लिंबू पिळायचं यंत्र अशी उदाहरणं देतो. सायकलचा ब्रेक मात्र नुसतं नाव घेऊन सोडून देतो. आता आठवी-नववीतली काही मुलं स्वतःच सायकलमध्ये बदल करू लागली आहेत. सरळ हँडलची डिस्क ब्रेकवाली सायकल असते, तिला रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं ड्रॉप हँडल आणि त्याचे ब्रेक लिव्हर बसवतात. चाकाजवळचे ब्रेक जुनेच राहतात. वायर जोडली जाते, ब्रेक लागतोही. तरीही ही जोडी धोक्याची असू शकते. का, ते तरफेच्याच भाषेत समजून घेऊ.

ब्रेकमध्ये असतं तरी काय?

इथे आपण वायरने चालणाऱ्या डिस्क ब्रेकबद्दल बोलतोय, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नाही. हँडलवर लिव्हर असतो. तो दाबला की आउटरमधून वायर ओढली जाते. चाकाजवळच्या कॅलिपरला एक छोटा दांडा असतो, तो वायरीबरोबर फिरतो. बहुतेक कॅलिपरांत आत छर्रे उतरत्या खोबणीत बसवलेले असतात. दांडा फिरला की छर्रे खोबणीत वर चढतात आणि पॅडला चकतीकडे ढकलतात.

म्हणजे एका ब्रेकमध्ये लिव्हर ही तरफ, कॅलिपरचा दांडा ही दुसरी तरफ आणि छर्ऱ्यांची खोबण हे उतरण, अशी तीन साधी यंत्रं एकापुढे एक जोडलेली असतात.

जोर वाढला की अंतर घटतं

लिव्हरची खीळ म्हणजे टेकू. खिळीपासून बोटांपर्यंतचं अंतर ही बलभुजा आणि खिळीपासून वायर अडकवलेल्या जागेपर्यंतचं अंतर ही भारभुजा. भारभुजा दुप्पट केली तर वायर दुप्पट ओढली जाते, पण तिच्यावरचा ताण निम्मा होतो. यंत्र फुकट काही देत नाही. जोर हवा असेल तर अंतर सोडावं लागतं, अंतर हवं असेल तर जोर. मुलांच्या मनात एवढं पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

लिव्हरच्या दोन जाती कशा झाल्या?

१९९० च्या दशकाच्या मध्यात शिमानो कंपनीने डोंगरी सायकलींसाठी व्ही-ब्रेक आणले. त्यांचे दांडे लांब असल्यामुळे त्यांना जास्त वायर ओढून हवी होती. म्हणून सरळ हँडलचे लिव्हर बदलले आणि ते आधीच्या जवळपास दुप्पट वायर ओढू लागले. पुढे डोंगरी सायकलींचे वायरवाले डिस्क ब्रेक आले, तेही याच 'लांब ओढी'च्या लिव्हरना जुळतील असे बनले. रेसिंगच्या ड्रॉप हँडलचे लिव्हर मात्र 'आखूड ओढी'चेच राहिले. त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे कॅलिपर काढावे लागले. एव्हिड कंपनीचा बीबी-७ हा ब्रेक याचं चांगलं उदाहरण आहे. नाव एकच, दिसायलाही सारखाच, पण 'रोड' आणि 'एमटीएन' असे त्याचे दोन प्रकार आहेत. खरेदी करताना नेमकं इथेच फसायला होतं.

आकड्यांत मांडून पाहू

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत, घर्षण सोडून दिलं आहे. समजा बोटं ४० मिमी सरकतात आणि ५० न्यूटन बल लावतात.

आखूड ओढीचा लिव्हर वायर १० मिमी ओढतो, बल ४ पट.
लांब ओढीचा लिव्हर वायर २० मिमी ओढतो, बल २ पट.
रोड कॅलिपर १० मिमी वायरीत पॅड १ मिमी सरकवतो, बल १० पट.
डोंगरी कॅलिपर २० मिमी वायरीत पॅड १ मिमी सरकवतो, बल २० पट.

आता जोड्या लावू.

१) आखूड लिव्हर + रोड कॅलिपर: ४ × १० = ४० पट. पॅड १ मिमी सरकतो, दाब २,००० न्यूटन.
२) लांब लिव्हर + डोंगरी कॅलिपर: २ × २० = ४० पट. पॅड १ मिमी, दाब २,००० न्यूटन.
३) आखूड लिव्हर + डोंगरी कॅलिपर: ४ × २० = ८० पट. दाब ४,००० न्यूटन, पण पॅड सरकतो फक्त अर्धा मिमी.
४) लांब लिव्हर + रोड कॅलिपर: २ × १० = २० पट. पॅड २ मिमी सरकतो, पण दाब फक्त १,००० न्यूटन.

पहिल्या दोन जोड्या जुळलेल्या आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकच येतं. गडबड आहे ती खालच्या दोन जोड्यांत.

चुकीच्या जोड्या हाताला कशा लागतात?

तिसरी जोडी मऊ लागते. कागदावर जोर भरपूर आहे, पण तो मिळायच्या आतच लिव्हर हँडलला टेकतो. वायर थोडी ताणली जाते, आउटर थोडा दबतो, पॅड आणि चकतीत फट असते. या सगळ्यात ओढ खर्च होते. फट अगदी कमी ठेवली तर ब्रेक लागतो, पण पावसाळ्यात चिखल-रेतीने पॅड झिजले की फट वाढते आणि लिव्हर पुन्हा हँडलला टेकू लागतो. वायरच्या डिस्क ब्रेकमध्ये ही झीज आपोआप भरून निघत नाही.

चौथी जोडी मात्र खरी फसवी. लिव्हर जरासा दाबला की कडक लागतो. 'वा, काय मस्त ब्रेक आहे!' असं वाटतं. पण तो कडकपणा म्हणजे ताकद नव्हे. पॅड लवकर टेकले एवढाच त्याचा अर्थ. लांब उतारावर तेवढंच थांबायला बोटांना दुप्पट जोर लावावा लागतो, आणि मुलांची बोटं लवकर थकतात.

स्टँडवरची परीक्षा का पुरत नाही?

दुकानात सायकल स्टँडवर चढवून चाक फिरवतात, ब्रेक दाबतात, चाक थांबतं, काम झालं! इथे नववीचं गतिज ऊर्जेचं सूत्र वापरू. मूल आणि सायकल मिळून ७० किलो, वेग ताशी २० किमी, म्हणजे सेकंदाला साधारण ५.५६ मीटर. ऊर्जा सुमारे १,०८० ज्यूल. त्याच वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या कडेला १ किलो वस्तुमान धरलं तर ऊर्जा साधारण १५ ज्यूल. स्टँडवर ब्रेकला रस्त्यावरच्या कामाचा सत्तरावा भागही करावा लागत नाही. म्हणून कमकुवत ब्रेकही तिथे पहिल्या नंबराने पास होतो.

मग जोडी जुळवायची कशी?

सर्वात सोपा उपाय म्हणजे ड्रॉप हँडलला रोडसाठीचाच कॅलिपर घ्यावा. एव्हिड बीबी-७ रोड, टीआरपी स्पायर हे असे कॅलिपर आहेत. स्पायरमध्ये दोन्ही बाजूंचे पॅड सरकतात. बीबी-७ मध्ये एकच सरकतो आणि चकतीला किंचित वाकवून दुसऱ्या पॅडवर टेकवतो.

दुसरा उपाय, डोंगरी कॅलिपर ठेवून लांब ओढीचा ड्रॉप लिव्हर घ्यायचा. टेक्ट्रो आरएल-५२० हा तसा लिव्हर आहे. पण गिअर बदलायची सोय ब्रेक लिव्हरमध्येच असेल, तर गिअरसाठी वेगळी व्यवस्था करावी लागते.

तिसरा उपाय म्हणजे मध्ये छोटी दुहेरी कप्पी बसवणं. लहान-मोठ्या त्रिज्येमुळे ती ओढ वाढवते, म्हणजे आपलं 'चाक आणि आस'च. मात्र तिच्यामुळे घर्षण आणि देखभाल दोन्ही वाढतात.

मोठी चकती हा जोडी न जुळण्यावरचा उपाय नाही. १४० मिमीऐवजी १६० मिमीची चकती घेतली तर थांबवण्याची क्षमता साधारण १४ टक्के वाढते, वायरची ओढ आहे तेवढीच राहते.

वर्गात करून पाहा

दोन प्रकारच्या सायकली मिळाल्या तर मोठ्या माणसाने कॅलिपरपाशी वायर सोडवावी. वायरीवर चिकटपट्टीची खूण करावी आणि ती हलकी ताणून धरावी. मुलांनी लिव्हर पूर्ण दाबून खूण किती मिमी सरकली ते पट्टीने मोजावं. दोन आकड्यांचं गुणोत्तर काढावं आणि 'कोणत्या लिव्हरने वायरीवर जास्त ताण येईल?' हे आधी वहीत लिहायला लावावं. वायर पुन्हा जोडून ब्रेक तपासल्याशिवाय सायकल कुणीही चालवायची नाही.

पालकांनी काय पाहावं?

- लिव्हर पूर्ण दाबल्यावर तो आणि हँडल यांच्यात अंतर राहायलाच हवं.
- कॅलिपर 'रोड'चा की डोंगरी, हे दुकानदाराला विचारा. वायरचं डोकं लिव्हरमध्ये बसलं म्हणजे जोडी जुळली असं नाही.
- पॅड झिजले की कॅलिपरवरच्या स्क्रूने पॅडच जवळ आणा. प्रत्येक वेळी वायर ताणत राहिलं तर दांड्याची चाल आधीच संपते.
- मोकळ्या, सपाट जागेत आधी हळू वेगात ब्रेक तपासा. मुलाने हँडलच्या वरच्या भागावर आणि खालच्या वळणावर, दोन्हीकडे हात ठेवून ब्रेक दाबून पाहावा. वरून दाबताना बोटं खिळीच्या जवळ असतात, म्हणून जोर जास्त लागतो. हे का, ते त्यालाच विचारा.

बलभुजा हा शब्द न अडखळता आला, तर पाठ समजला म्हणायचा!